बाटलीवरचा 'अल्कोहोल' : नाव एक, घराणे मोठे

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले, भाचे-पुतणे सुट्टीत मॉरिशसला येतात, तेव्हा आई, काकी, मावशी यांच्यासाठी तोंडाला लावायचे काहीतरी हमखास घेऊन येतात. कुणी क्रीम आणतो, कुणी लोशन, तर कुणी 'टोनर' नावाचे पाणी. बाटली देखणी असते, वास मंद असतो आणि पाठीमागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत घटकांची लांबलचक यादी असते. त्या यादीत 'अल्कोहोल' हा शब्द दिसला की घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "अगं, यात दारू आहे, देवघरात जायच्या आधी कसली लावतेस!" दुसरा म्हणतो, "अमेरिकेची वस्तू आहे, ती वाईट कशी असेल?" खरे पाहता दोघांनीही यादी वाचलेली नसते. एक शब्दाला भितो आणि दुसरा देशाच्या नावाला भुलतो.

म्हणून आज या शब्दाचाच थोडा अभ्यास करू या. विषय वरवर शृंगाराचा वाटतो, पण त्यात पैशाचा, आरोग्याचा आणि एका ठिकाणी तर जिवाचाही प्रश्न आहे.

शब्दाची जन्मकथा

आश्चर्य असे की हा शब्द दारूच्या गुत्त्यात जन्मलेला नाही. तो जन्मला शृंगाराच्या पेटीत. अरबी भाषेत 'कुहल' म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. त्याच्या मागे 'अल्' हे उपपद लागून 'अल्-कुहल' झाले. सुरमा करायचा तर खनिज कुटून, गाळून, अगदी वस्त्रगाळ करावे लागते. त्यामुळे युरोपात हा शब्द गेल्यावर त्याचा अर्थ 'अतिशय बारीक केलेली पूड' आणि पुढे 'एखाद्या वस्तूचा शुद्ध अर्क' असा झाला. द्राक्षाच्या मद्यातून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या अर्काला 'मद्याचा अल्कोहोल' म्हणू लागले आणि कालांतराने मद्य गळून पडले, नुसता अल्कोहोल राहिला. आपल्या मराठीने त्याला 'मद्यार्क' हे नेमके नाव दिले आहे.

पुढे रसायनशास्त्र वाढले. रसायनशास्त्रज्ञांना दिसून आले की मद्यार्काच्या रेणूत ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक विशिष्ट जोडी कार्बनला चिकटलेली असते आणि तशीच जोडी इतर शेकडो पदार्थांतही आहे. मग त्या सर्वांना त्यांनी एकच आडनाव दिले, 'अल्कोहोल'. येथूनच सामान्य माणसाचा गोंधळ सुरू झाला. एका आडनावाची माणसे गावोगावी असतात. त्यांत कुणी वैद्य असतो, कुणी शेतकरी, तर कुणी चोरही असतो. केवळ आडनाव ऐकून आपण कुणाला घरात घेत नाही आणि हाकलूनही देत नाही. येथेही तोच न्याय लावला पाहिजे. आधी पूर्ण नाव विचारावे.

घराण्यातली माणसे

सौंदर्यप्रसाधनांत येणाऱ्या अल्कोहोलांचे ढोबळ मानाने तीन गट करता येतील.

पहिला गट उडून जाणाऱ्यांचा. यांचे रेणू लहान असतात, ते पाण्यासारखे पातळ असतात आणि हातावर थेंब टाकला की गार वाटून क्षणात नाहीसे होतात. मद्यार्क म्हणजे इथाइल अल्कोहोल हा यांतला मुख्य. दवाखान्यातल्या स्पिरिटसारखा वास असलेला आयसोप्रोपाइल अल्कोहोल हा त्याचा चुलतभाऊ. अमेरिकेतील दुकानांत तो ७० टक्क्यांच्या बाटल्यांत 'रबिंग अल्कोहोल' म्हणून मिळतो. तिसरा मिथाइल अल्कोहोल म्हणजे मिथेनॉल. हा मात्र घराण्यातला खुनी आहे आणि प्रसाधनात त्याला जागा नाही. त्याची हकिगत पुढे येईल.

दुसरा गट मेणचट अल्कोहोलांचा. सीटाइल, स्टिअराइल, सीटिअराइल, बेहेनाइल ही त्यांची नावे. हे पातळ नसतात, तर पांढऱ्या मेणाच्या खड्यांसारखे असतात. ते उडत नाहीत, नशा आणत नाहीत आणि वासही जवळजवळ नसतो. मद्यार्काच्या रेणूत कार्बनचे दोन अणू, तर सीटाइलमध्ये सोळा आणि स्टिअराइलमध्ये अठरा. एवढ्या लांब शेपटीमुळे त्यांचा स्वभाव तेला-तुपाकडे झुकतो. क्रीममधले तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणे, क्रीमला दाटपणा आणणे आणि कातडी मऊ ठेवणे ही त्यांची कामे. सीटाइल अल्कोहोल १८१७ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून वेगळा केला. 'सीटस' म्हणजे देवमासा, त्यावरून हे नाव पडले. आता तो बहुतेक पाम किंवा खोबरेल यांसारख्या वनस्पती तेलांपासून करतात. मेंढीच्या लोकरीपासून मिळणारा लॅनोलिन अल्कोहोलही याच गटात बसतो.

तिसरा गट मिश्र आहे. ग्लिसरीन हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अल्कोहोलच, आणि ते तर हवेतील ओलावा धरून कातडीला देते. सुरकुत्यांवरच्या क्रीममधील रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्व हेही अल्कोहोल आहे. मात्र गरोदर स्त्रियांनी ते टाळावे असा डॉक्टरांचा सल्ला असतो. बेंझाइल अल्कोहोल अल्प प्रमाणात, क्रीम नासू नये म्हणून घालतात. आणि ज्याच्या नावाने आपण हृदयविकाराला भितो तो कोलेस्टेरॉल, तोही याच आडनावाचा. तो आपल्या स्वतःच्या कातडीत आहे व तेथे तो फार मोलाचे काम करतो.

कातडीची भिंत

ते काम समजले की पुढचे सर्व सोपे जाते. आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. १९८३ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील त्वचातज्ज्ञ पीटर एलायस यांनी त्या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आजही शिकवली जाते. मृत पेशी म्हणजे विटा. त्यांच्या मधला चुना स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो आणि त्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले असतात. चुना शाबूत असेल तोवर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची घाण बाहेर.

आता मद्यार्काचा गुण काय? तो तेलकटपणा विरघळवतो. म्हणूनच आपण स्पिरिटने काचेवरचे तेलाचे डाग पुसतो. जास्त प्रमाणातला मद्यार्क रोज चेहऱ्यावर चोळला तर तो मळाबरोबर चुनाही थोडा थोडा ओढून नेतो. भिंतीला फटी पडतात, आतले पाणी उडून जाते, कातडी ओढल्यासारखी वाटते, कोंडा सुटतो, आग होते. वय झालेल्या माणसांची कातडी मुळातच कोरडी, इसब असलेल्या मुलांची भिंत मुळातच कच्ची, त्यामुळे त्यांना हा त्रास लवकर होतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संस्था कोरड्या कातडीच्या लोकांना अल्कोहोल असलेली प्रसाधने बंद करायला सांगते. हात निर्जंतुक करण्याचे द्रव एवढाच तिने अपवाद ठेवला आहे. मेणचट अल्कोहोल याच्या उलट वागतात. ते भिंतीवर पातळ गिलावा दिल्यासारखे बसतात.

मग कारखानदार मद्यार्क घालतातच कशाला? त्याला कारणे आहेत. सुगंधी तेले आणि मुरुमांवरची काही औषधे पाण्यात विरघळत नाहीत, मद्यार्कात विरघळतात. उन्हापासून रक्षण करणारे लोशन मद्यार्कामुळे चटकन वाळते आणि चिकचिक राहत नाही. लावताना गार वाटते आणि गिऱ्हाईक खूश होते. ज्यांची कातडी तेलकट आहे त्यांना अशा पातळ लोशनातला थोडासा मद्यार्क बहुधा बाधतही नाही. तेव्हा मद्यार्क म्हणजे विषच, असे म्हणणे चूक. किती आहे, कशात आहे आणि कुणाच्या कातडीवर आहे, यावर सगळे अवलंबून आहे.

अमेरिकेची जुनी सवय

अमेरिकन लोकांना गालावर झोंबणारे पाणी लावायची सवय फार जुनी आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात विच हेझल नावाचे झुडूप उगवते. तेथील मूळ रहिवासी त्याचा उपयोग जखमा व सूज यांवर करीत. १८४६ साली न्यूयॉर्क राज्यातील युटिका गावी थेरन पॉन्ड या औषधविक्रेत्याने त्याच झाडाचा अर्क बाजारात आणला. आपल्या आया-आज्यांच्या आरशापुढे ज्या 'पॉन्ड्स'ची बरणी असे, त्या नावाचे मूळ हेच. म्हणजे क्रीमच्या आधी अर्क आला. विच हेझलचे ऊर्ध्वपातन केलेले पाणी टिकावे म्हणून त्यात साधारण १४ टक्के मद्यार्क घालण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. गंमत अशी की बाटलीवर 'झाडपाल्याचे शुद्ध पाणी' या अर्थाचे शब्द ठळक असतात आणि तो १४ टक्क्यांचा उल्लेख बारीक अक्षरांत असतो.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल, कारण ते एका उसाच्या बेटावरचे आहे. कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस हे बेट पूर्वी डेन्मार्कच्या ताब्यात होते. १९१७ साली अमेरिकेने ते शेजारच्या सेंट क्रॉय व सेंट जॉन बेटांसह अडीच कोटी डॉलरना विकत घेतले. तेथे 'बे' नावाच्या झाडाची पाने रममध्ये घालून, ऊर्ध्वपातन करून 'बे रम' तयार होई आणि दाढीनंतर गालाला लावायला ती साऱ्या अमेरिकेत जाई. ऊस, मळी, रम आणि मग सुगंधी पाणी, हा प्रवास मॉरिशसच्या माणसाला समजावून सांगायला नको. सेंट क्रॉयवर तर १८६३ साली तीनशेहून अधिक हिंदी मजूर करारावर ऊस तोडायला नेले होते. आपले पूर्वज कोकणातून ज्या प्रकारच्या करारावर येथे आले, तसेच तेही गेले. साहेबाच्या गालावरच्या त्या गार थेंबामागे कुणाचा घाम होता, हे आपण विसरू नये.

करासाठी कडू केलेला मद्यार्क

अमेरिकन बाटलीवर कित्येकदा नुसते 'अल्कोहोल' नसते. 'अल्कोहोल डीनॅट' किंवा 'एस. डी. अल्कोहोल ४०-बी' असे काहीतरी गूढ लिहिलेले असते. हे काही नवीन रसायन नाही. मद्यार्कच आहे, पण पिण्यालायक राहू नये म्हणून मुद्दाम बिघडवलेला.

असे का करतात? कारण कर. अमेरिकेत पिण्याच्या शुद्ध मद्यार्कावर दर गॅलनला म्हणजे सुमारे पावणेचार लिटरला २७ डॉलर केंद्रीय कर पडतो. अत्तर, लोशन, रंग करणाऱ्यांनी हा कर भरला तर त्यांचा धंदा बसेल. म्हणून १९०६ साली तेथे कायदा झाला की मद्यार्क पिण्यास अयोग्य केला तर त्यावर कर नाही. तेव्हापासून कोणत्या कामाच्या मद्यार्कात काय मिसळायचे याची सरकारी सूत्रे आहेत आणि ४०-बी हा त्यांपैकी एका सूत्राचा क्रमांक आहे. त्यात डेनाटोनियम बेंझोएट नावाचा पदार्थ कणभर घालतात. हा पदार्थ १९५८ साली स्कॉटलंडमध्ये सापडला आणि तो जगातील सर्वांत कडू पदार्थ मानला जातो. कडुलिंब त्याच्यापुढे साखर वाटावा. तात्पर्य, 'एस. डी.' ही अक्षरे पाहून घाबरू नये आणि 'काहीतरी सौम्य प्रकार असेल' असेही समजू नये. कातडीवर त्याचा कोरडेपणाचा परिणाम मद्यार्कासारखाच असतो.

'अल्कोहोल फ्री' म्हणजे नक्की काय?

आता सर्वांत फसव्या शब्दाकडे येऊ. अमेरिकन बाटलीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'अल्कोहोल फ्री' लिहिलेले असते आणि मागे यादीत सीटाइल अल्कोहोल, स्टिअराइल अल्कोहोल स्वच्छ दिसतात. आपला मुलगा फसवला गेला, असे आपल्याला वाटते. पण तेथील अन्न व औषध प्रशासनाचे म्हणणे असे की प्रसाधनांच्या लेबलावर नुसते 'अल्कोहोल' म्हटले की त्याचा अर्थ फक्त इथाइल अल्कोहोल, म्हणजे मद्यार्क. म्हणून 'अल्कोहोल फ्री' म्हणजे 'मद्यार्क नाही'. मेणचट अल्कोहोल असले तरी चालते, कारण त्यांचा कातडीवरचा परिणाम अगदी निराळा आहे. तेव्हा पुढचे वाक्य आणि मागची यादी दोन्ही खरी असू शकतात.

मात्र 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण येथेही लक्षात ठेवावी. 'अल्कोहोल फ्री' म्हणजे 'सौम्य' नव्हे. त्या बाटलीत झोंबणारा सुगंध असू शकतो. मेणचट अल्कोहोलही क्वचित एखाद्याला सोसत नाहीत. लोकरीपासून येणाऱ्या लॅनोलिनला तर अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवले. बहुसंख्य लोकांना ते चालते, पण ज्यांना आधीच इसब आहे त्यांनी जपून वापरावे.

यादी वाचायची कशी?

अमेरिकेत प्रसाधनांवर घटकांची यादी छापण्याची सक्ती १९७० नंतरच्या दशकात आली. त्या यादीचे व्याकरण साधे आहे. जो पदार्थ सर्वांत जास्त तो पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले पदार्थ शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून यादीत पाण्यानंतर लगेच 'अल्कोहोल' किंवा 'अल्कोहोल डीनॅट' आले, तर ती बाटली मद्यार्काची आहे असे समजावे. तेच नाव अगदी शेवटी, सुगंध आणि रंग यांच्या आसपास असेल, तर प्रमाण नगण्य असते.

ज्यांना इंग्रजी फारसे येत नाही त्यांच्यासाठी एक खूण सांगतो. 'अल्कोहोल' या शब्दाच्या आधी दुसरा शब्द आहे का ते पाहावे. आधी 'सी, ई, टी' या अक्षरांनी सुरू होणारा शब्द असेल, तर तो सीटाइल किंवा सीटिअराइल. 'एस, टी, ई' असेल तर स्टिअराइल. हे मऊ करणारे. आधी काहीच नसेल, किंवा 'एस. डी.' असेल, किंवा मागे 'डीनॅट' असेल, तर तो उडून जाणारा मद्यार्क. नातवंडांना शेजारी बसवून एकदा अशी यादी वाचावी. मुलांचे वाचन होते आणि आपलेही काम होते.

यात एक अपवाद आहे. मुरुमांचे मलम, हात निर्जंतुक करण्याचे द्रव यांसारख्या वस्तू अमेरिकेत औषध म्हणून गणल्या जातात. त्यांच्यावर 'ड्रग फॅक्ट्स' असा चौकोन असतो. त्यात मुख्य औषध वेगळे लिहितात आणि बाकीचे घटक वर्णानुक्रमे असू शकतात. 'अल्कोहोल' 'ए'पासून सुरू होत असल्याने तेथे तो पहिला दिसला, तर त्यावरून प्रमाण ठरवू नये.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. 'अमेरिकन सरकारने तपासून पास केलेले क्रीम' अशी वस्तू नसते. रंगद्रव्ये सोडली, तर प्रसाधने बाजारात येण्यापूर्वी त्यांना सरकारी मंजुरी लागत नाही. त्यांची जबाबदारी कारखानदाराची. २०२२ च्या नव्या कायद्याने ती वाढवली. आता गंभीर दुष्परिणामाची खबर मिळाली की कामकाजाच्या १५ दिवसांत ती सरकारला कळवावी लागते.

एका घराण्यातला खुनी

२०२० साली कोरोनाच्या साथीत हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाला अमेरिकेत अशी काही मागणी आली की मिळेल तेथून माल येऊ लागला. जून महिन्यात अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की मेक्सिकोहून आलेल्या काही बाटल्यांत इथेनॉलऐवजी मिथेनॉल आढळले आहे. पुढे अशा घातक बाटल्यांची यादी वाढत वाढत दोनशेच्या वर गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये मेक्सिकोहून येणारा अशा प्रकारचा सर्वच माल तपासणीसाठी अडवला जाऊ लागला.

ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांत मे व जून २०२० या दोन महिन्यांत १५ प्रौढ माणसे असे द्रव पोटात गेल्याने रुग्णालयात आली. त्यांपैकी चार दगावली आणि वाचलेल्यांपैकी तिघांची दृष्टी अधू झाली. मिथेनॉल शरीरात गेले की त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. नाकाने ओळखावे म्हटले तर वास मद्यार्कासारखाच. येथे शब्दाचा घोळ हा गमतीचा विषय राहत नाही. एकाच आडनावाचे दोन भाऊ, एक हातावरचे जंतू मारतो आणि दुसरा माणूस मारतो.

खरे मद्यार्काचे द्रवही लहान मुलांच्या हाती पडता कामा नये. व्हिस्कीत मद्यार्क साधारण ४० टक्के, आणि या द्रवात जंतू मरावेत म्हणून निदान ६० टक्के लागतो. त्यात गोड वास आणि रंगीत बाटली. मुलाने दोन घोट घेतले तरी त्याच्या रक्तातील साखर उतरून ते बेशुद्ध पडू शकते.

ही दारू आहे का?

आता त्या पहिल्या तटाच्या शंकेकडे वळतो, कारण ती शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उपवासाच्या किंवा पूजेच्या दिवशी मद्याला स्पर्श नको, अशी ज्यांची निष्ठा आहे त्यांचा आपण मानच ठेवला पाहिजे. त्यांना एवढेच सांगावयाचे की सीटाइल, स्टिअराइल किंवा ग्लिसरीन यांचा मद्याशी फक्त आडनावाचा संबंध आहे. ती मळी आंबवून झालेली नाहीत, त्यांनी नशा येत नाही. खरा मद्यार्क असलेले अत्तर वा लोशन लावायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. निर्णय घेताना माहिती मात्र खरी असावी.

हा प्रश्न मुंबईत तर थेट न्यायालयात गेला होता. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्यातील 'मद्य' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक होती की अल्कोहोल असलेली औषधे आणि सुगंधी पाणीही तिच्या जाळ्यात सापडले. एफ. एन. बलसारा या मुंबईकर गृहस्थांनी याचिका केली. व्हिस्की-ब्रँडीबरोबर यु-डी-कोलन आणि लव्हेंडरचे पाणी बाळगण्याचा हक्कही त्यांनी मागितला. १९५१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी मुख्यतः कायम ठेवली, पण अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने यांच्यावरचे निर्बंध अवैध ठरवले. पिण्याची वस्तू वेगळी आणि लावण्याची वस्तू वेगळी, हा भेद देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने मान्य केला. तरीही सरकारचा कर सुटला नाही. १९५५ साली औषधे व प्रसाधने यांतील अल्कोहोलवर अबकारी कर बसवणारा वेगळा कायदा आला. अमेरिका असो की भारत, मद्यार्क दिसला की खजिनदार जागा होतो!

घरात पाळायच्या गोष्टी

शेवटी, भगिनींनो आणि बंधूंनो, व्यवहाराच्या चार गोष्टी.

नवीन क्रीम वा लोशन एकदम तोंडभर फासू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून काही दिवस रोज पाहावे. लाली, खाज किंवा पुरळ आले नाही तरच चेहऱ्याला लावावे. झोंबले म्हणजे 'औषध लागू पडते आहे' ही समजूत सोडावी. झोंबणे ही कातडीची तक्रार आहे.

आजी-आजोबांच्या आणि लहान मुलांच्या अंगाला मद्यार्क वर असलेले लोशन लावू नये. आंघोळीनंतर अंग किंचित ओले असतानाच साधे, बिनवासाचे क्रीम किंवा व्हॅसलीन लावले, तर ओलावा आत कोंडला जातो.

मुलाला ताप आला म्हणून अंगाला स्पिरिट किंवा रबिंग अल्कोहोल चोळणे बंद करावे. जुन्या पिढीत कपाळावर यु-डी-कोलनच्या घड्या ठेवत, त्यातूनच पुढे सर्व अंग स्पिरिटने पुसण्याची रीत पडली. लहान मुलाची कातडी पातळ असते. मद्यार्क कातडीतून आणि वाफ होऊन श्वासातून आत जातो आणि मूल गुंगीत जाऊ शकते. डॉक्टर या रीतीच्या स्पष्ट विरोधात आहेत. कपाळावर साध्या पाण्याची घडी पुरे. ताप चढलाच तर डॉक्टर गाठावा.

अत्तर, केसांचा फवारा, हात निर्जंतुक करण्याचे द्रव लावल्याबरोबर समई, निरांजन किंवा गॅसच्या चुलीपाशी जाऊ नये. मद्यार्काची ज्योत निळसर असते आणि उजेडात ती चटकन दिसत नाही. हात पूर्ण वाळू द्यावेत, मगच काडी ओढावी.

द्रव पोटात गेले असेल तर उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता मूल आणि बाटली दोन्ही घेऊन दवाखाना गाठावा. बाटलीवरचे पूर्ण नाव डॉक्टरांना दाखवता आले, तर इलाजाचा अर्धा वेळ वाचतो. म्हणून परदेशी बाटलीवरचे लेबल सोलून टाकू नये, आणि एका बाटलीतले द्रव दुसऱ्या बिननावाच्या बाटलीत, विशेषतः पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत, कधीही ओतून ठेवू नये.